बाहेरच्या माणसाला किती समजतं

माय, आज बोदवडहून आलेल्या एका बाईनं मला तुझी आठवण करून दिली, आणि तीही खोटं बोलून. सोबत तिची सासू होती आणि चार वर्षांची मुलगी. मुलांचं बोलणं तपासताना मी आधी आईलाच विचारते, कारण मला तासाभरात जे ऐकू येणार नाही ते ती रोज ऐकत असते. मुलीचं बोलणं तुम्हाला किती समजतं, घरच्यांना किती, शेजाऱ्यांना किती, अगदी अनोळखी माणसाला किती. नेहमी, कधीकधी, की कधीच नाही. बाईनं सरसकट 'नेहमी' सांगून टाकलं. "सगयं समजते तिचं," म्हणताना ती माझ्याकडे नाही, सासूकडे बघत होती. मुलगी काही बोलली की तेच ती मला लगेच पुन्हा सांगायची, त्यामुळे समजत तर मलाही होतं. मी विचारलं, "दुकानात एकटी गेली तर?"

"एकटी कशाले धाडू? मी असते ना संगं."

तूही असायचीस. नशिराबादला गल्लीत, लग्नात, दवाखान्यात, मी तोंड उघडलं की मागून तुझा आवाज यायचा आणि लोक तुझ्याकडे बघून मला उत्तर द्यायचे. मला वाटायचं, बोलायची पद्धतच अशी असते. शाळेत घालायला नेलंस तेव्हा आत्या सोबत होती. शाळेतल्या बाईंना तू छातीठोकपणे सांगितलंस, हिचं बोलणं सगळ्यांना समजतं. पोरीत काही उणं आहे हे नणंदेसमोर कोण कबूल करणार? बाई म्हणाल्या, "मग तुम्ही दोघी बाहेर थांबा." आपली शेळी व्याली हे मी बाईंना सांगतेय, पुन्हा सांगतेय, हातवारे करतेय, आणि बाई नुसत्या हसून मान हलवताहेत. मला रडू कोसळलं. तू दारातून बघत होतीस. मग आत आलीस आणि आत्यादेखत म्हणालीस, "बाई, फक्त मले समजते. लोकायले नाही समजत." आत्यानं पुढे ते गल्लीत घरोघर सांगितलं. पण बाईंनी मला पहिल्या रांगेत, आपल्या टेबलाजवळ बसवलं.

त्या दिवसापासून भाकरी थापताना तू माझ्याकडे पाठ करून बसायला लागलीस, म्हणजे हातवारे फुकट. "परत सांग व माय, मले घाई नाही," म्हणायचीस. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी करपायची, आजोबा कुरकुरायचे, आणि तू पाठमोरी ऐकत राहायचीस. मला तुझा भयंकर राग यायचा. पाठ करायची खरं तर गरज नव्हती. तोंड दिसलं तर मूल लवकर शिकतं, हे मी आता आयांना बजावते. पण घाई नाही, हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. ते तुझं, आणि त्याबद्दल तुझे उपकार मानावेत तितके थोडे.

आज त्या बाईला मी हे सगळं सांगितलं, सासूलाही ऐकू जाईल अशा बेतानं. तिनं 'नेहमी'च धरून ठेवलं असतं, तर मुलगी जूनमध्ये तशीच शाळेत गेली असती आणि कोपऱ्यात गप्प बसली असती. मग दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून दार लोटून घेतलं. मुलगी भरभरून बोलली. मला निम्मंही कळलं नाही, आणि तसं मी बाहेर येऊन सांगितलं. बाईनं खाली बघितलं. "बाहेरच्याले कधीकधीच समजते. माहीत होतं मले." मी सासूच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हातारी पदर सारखा करत म्हणाली, "मले बी लय नाही समजत. पोरीले वाईट वाटीन म्हनून हो हो करते." पुन्हा कधी आणायचं, हेही तिनंच विचारलं.

हा कागद आता तुला धाडायचा तरी कुठे, माझ्या टेबलाच्या खणातच राहील. माझं विचारशील तर मी आता परक्या माणसांसमोर दिवसभर बोलते आणि सगळ्यांना समजतं. तरी नव्या माणसापुढे वाक्य संपलं की मी अजून क्षणभर थांबते, मागून तुझा आवाज येईल म्हणून.