कडक झालेला जोड

प्रिय सखी,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं प्रेम.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीतला गळका नळही दुरुस्त झाला. तुझी पाठ अजून दुखते का? आई तुला समोर बसवून जेवू घालते ना?

इथे पोलादाचा एक जोड चाचणीत काचेसारखा फुटला. वेल्डिंग दिसायला देखणं होतं, पण झटकन गार झाल्यामुळे ते नुसतंच कडक झालं, हादरा सोसेना. आता बाकीचे जोड आम्ही पुन्हा तापवतो, वितळू न देता तसेच धरून ठेवतो आणि न जळणाऱ्या जाड ब्लँकेटात सावकाश निवू देतो. कडकपणा थोडा उतरतो, पण चिवटपणा परत येतो.

आज मी घाईने ब्लँकेटाची कड उचलली, तसा वेल्डर ओरडला, "अहो साहेब, बाळ झोपलंय का बघताय? राहू द्या की!"

सगळे हसले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आपलं बाळ गेलं तेव्हा तू रडली नाहीस. सगळे म्हणाले, किती खंबीर आहे ही. मीही म्हणालो, आणि त्याच भरवशावर इकडे निघून आलो. तो भरवसा होता की माझी सोय, हे मला अजून ठरवता येत नाही. फोनवर तू "मी ठीक आहे" म्हणतेस, त्या आवाजाची आता भीती वाटते.

रजा मागितली आहे. मिळो न मिळो, शनिवारी निघतोय. मला पाहून स्वतःला सावरू नकोस. मलाही ते जमणार नाही.

तुझाच