डाव्या मागच्या दारातलं खोबरं

प्रिय अण्णा,

तुम्ही माघात गेलात, तेव्हापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय ते आठवणींचा उमाळा आला म्हणून नाही. मला स्वतःची किळस आलीय आणि ती ऐकवायला दुसरं माणूस नाही. संध्याकाळी पाचला आमच्या बिल्डिंगची मीटिंग आहे. सेल्वमला, आमच्या वॉचमनला, कामावर ठेवायचं की काढायचं ते तिथे ठरणार आहे. तुमच्या गाडीची काच फुटली ती त्याच्या हलगर्जीपणामुळे, असं सगळे म्हणतात. अण्णा, काच मी फोडली.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरू केलेलं तुम्हाला कधी चाललं नाही.

आईने मला बजावून ठेवलं होतं. तुमचं वर्ष होईपर्यंत सण नाही, तोरण नाही, पूजा नाही. मिरजेचं घर बंद करून ती माझ्याकडे इथे तामिळ मुलखात, मैलापूरला आली, येताना गाडीही आणली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा म्हणाली, "वैजू, यंदा गाडीला हारसुद्धा नको हं." मी हो म्हटलं. पण बारा वर्षांत तुम्ही या गाडीचा एक दसरा चुकवला होता का? ताप असताना टॉवेल गुंडाळून खाली उतरला होतात! मला ते काही केल्या सहन होईना. खाली सगळ्या गाड्यांना झेंडू, चंदन, बाजूला केळीचे खुंट, आणि आपली तेवढी धूळ खात उभी.

म्हणून दसऱ्याच्या पहाटे आई उठायच्या आत मी खाली गेले. गाडी पुसली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, उदबत्ती आत फिरवली. धूर कोंडला म्हणून डावी मागची काच वीतभर खाली केली. आणि मग नारळाला कुंकवाचं बोट लावून तो हातात घेतला.

इथे तुमच्यावर रागवू का थोडं? तुम्ही मला सातवीत टायर बदलायला शिकवलं. दाराचं आतल्या बाजूचं पॅड क्लिपा न मोडता कसं काढायचं ते शिकवलं. तुमच्या अख्ख्या गॅरेजात सांगत फिरायचात, पोरीच्या हातात कसब आहे म्हणून. पण नारळ? "मुलींनी नारळ फोडायचा नसतो." जॅक चालतो, ग्रीस चालतं, नारळ नाही! मग मला तो फोडता येणार कसा, अण्णा?

मी पाहिला होता तो इथला प्रकार. आमच्या कोपऱ्यावर गणपतीचं छोटं देऊळ आहे, पिळ्ळैयार म्हणतात त्याला. लोक त्याच्यापुढे उभे राहतात आणि नारळ अंगातल्या सगळ्या जोराने जमिनीवर आपटतात. जितक्या ठिकऱ्या होतील तितकं चांगलं. पण तिथे आपटायला दगडी कुंड आहे, लोक मागे सरून उभे असतात. मी तुमचा दसरा आणि इथला नारळ एकत्र केला, आणि गाडीपासून दोन पावलांवर तो पार्किंगच्या सिमेंटच्या कठड्यावर हाणला. अर्धा नारळ उसळला आणि उघड्या काचेच्या कडेवर बसला.

तुम्हीच सांगायचात ना, ही काच पोटावर मार सोसते, कडेवर नाही? एका क्षणात अख्खी काच खडीसाखरेसारखी सीटवर. माझ्या पायाशी खोबरं, काचा, झेंडू, कुंकू. बापाचं वर्ष झालेलं नाही, आईची बंदी मोडली, नारळ बाईने फोडला, आणि लगेच हे! मी देवधर्माची एवढी नाही, तरी पहिला शब्द डोक्यात आला तो अपशकुन. हे आईला सांगायचं? मी दिसतील तेवढे नारळाचे तुकडे गोळा केले, हार काढला, स्वस्तिक पुसलं, पिशवी कचऱ्यात टाकली आणि वर जाऊन आंघोळीला शिरले.

आठ वाजता आई भाजी आणायला खाली उतरली आणि धावत वर आली. "वैजू, गाडीची काच कोणीतरी फोडली गं! तुला काही माहीत आहे?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच. तो एक शब्द. बाकीचं सगळं इतरांनीच रचलं. आई बिल्डिंगच्या सेक्रेटरींकडे गेली. आपली नंबरप्लेट महाराष्ट्राची, बाहेरच्यांची गाडी म्हणून कोणीतरी दगड मारला, हे तिने डोक्यात घेतलं. सेक्रेटरींनी सेल्वमला बोलावलं. कॅमेरा कित्येक महिने बंद. पहाटे तू कुठे होतास? तो म्हणाला, पाण्याची मोटर लावायला मागे गेलो होतो, आवाजात काही ऐकू आलं नाही. खरंच गेला होता तो. आमचंच पाणी चढवत होता. सेक्रेटरी म्हणाले, झोपला होतास. आणि मी, अण्णा, बाजूला उभी राहून फोन बघत होते. शी!

सोळा वर्षं तो या गेटवर आहे. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत राहतो. नोकरी गेली की ती खोलीही गेली.

काच बदलायची तर रीतसर वर्कशॉपमध्ये न्यायला हवी होती. गेले होते मी तिथे. इन्शुरन्सच्या कागदावर पहिलाच प्रश्न, काच कशी फुटली? तोंडी खोटं जमलं होतं, कागदावर सही करून जमेना. काय पण माझा प्रामाणिकपणा! कागद परत केला, आणि जिथे कोणी काही विचारत नाही अशा एका फूटपाथवरच्या काचवाल्याकडे गाडी नेली. इथे सगळ्यांनाच अण्णा म्हणतात, रिक्षावाल्याला, चहावाल्याला. मी त्यालाही म्हटलं, "अण्णा, लवकर करून द्या." ते म्हटल्याचीही आता मला शिसारी येते.

तुम्ही असतात तर त्याचा हात धरला असतात. त्याने पॅड स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं, चार क्लिपा तुटल्या. आतला प्लास्टिकचा कागद, ज्याच्यामुळे दारात शिरलेलं पाणी गाडीत येत नाही, तो टरकावून गटारात फेकला. "जुनं, मॅडम, नको ते." दारात साठलेल्या काचा काढल्याच नाहीत. सीटवरच्या काचा फडक्याने झटकल्या, त्याही उघड्या दारात! रबराच्या खाचेत बोट फिरवून पाहिलं नाही. नवी काच ओरिजिनल म्हणाला. कोपऱ्यावरचा शिक्का बाकीच्या तीन काचांशी जुळतो का ते बघ, हे तुम्ही मला हजारदा सांगितलं असेल. मी वाकून पाहिलंसुद्धा नाही. वर न विचारता काळी फिल्म चिकटवून दिली, पोलिसाने पकडलं असतं ते वेगळंच. आणि मी काय करते पोटासाठी? श्रीपेरुंबुदूरजवळच्या कारखान्यात गाड्यांची दारं तपासते! एका क्लिपेसाठी मी लोकांची दारं परत पाठवते. इथे मात्र मूग गिळून बसले, कारण मला घाई होती. काच बसली की प्रश्न संपतील, असं वाटत होतं.

चार दिवसांनी इथला पाऊस सुरू झाला, आणि इथला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दार लावलं की आत काचा खुळखुळायच्या. मग मागच्या पायाखाली पाणी साचलं. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती काचांनी बुजली होती. मग वास. सुरुवातीला ओल्या सतरंजीसारखा, नंतर आंबट, नंतर काहीतरी मेल्यासारखा. मॅट वाळवल्या, कापूर ठेवला, कॉफीची पूड ठेवली. आई पदर नाकाला लावून बसायची. एकदा टी. नगरला जाताना ती मध्येच गाडी थांबवायला लावून उतरली आणि फूटपाथवर ओकली. चढताना म्हणाली, "यांची गाडी अशी कधी नव्हती." मी गाडी सुरू केली. मला आता न बोलण्याचा सराव झाला होता.

काल मात्र ती हट्टाला पेटली. म्हणाली, "चांगल्या माणसाला दाखवू, मी येते बरोबर." तिरुवल्लिकेणीत एक म्हातारा काचवाला आहे, फक्त दारांचंच काम करतो. त्याने आधी काचेवर टिचकी मारली, मग कोपरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तुम्हीही असेच बघायचात. आईला स्टूल दिलं, पॅड हाताने अलगद काढलं आणि चटकन मागे सरला. "अय्यो!"

तो वास, अण्णा! शेजारचा चहा पिणारा माणूस ग्लास घेऊन उठून गेला. काळं पाणी, त्यात काचा, आणि काचांमध्ये काहीतरी हिरवं, लवदार, बुळबुळीत. म्हाताऱ्याने ते पकडीने उचललं, पाण्याच्या बाटलीखाली धरलं, उलटसुलट केलं.

"तेंगा!" तो म्हणाला. "अम्मा, दारात तेंगा कसा?"

आईला तामिळ येत नाही. पण भाजीवालीमुळे चार शब्द येतात, त्यातला हा एक, नारळ. तिने स्टूल पुढे ओढलं. दोन बोटं रुंदीची करवंटी, तिला चिकटलेलं कुजकं खोबरं, आणि करवंटीवर, बुरशी धुऊन गेली होती तिथे, कुंकवाचं बोट.

तिने वाकून ते कुंकू नीट पाहिलं. मग म्हणाली, "दसऱ्याला?"

"हो."

"तू?"

"हो."

मी वाट बघत होते की ती आता बोलेल. वर्षाच्या आत पूजा, बाईने नारळ, अपशकुन, सगळं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तिच्या तोंडून त्यातलं एकही निघालं नाही. म्हाताऱ्याने व्हॅक्यूम लावून काचा ओढल्या, तारेने तळाची भोकं मोकळी केली, रबर पुसलं, नवा प्लास्टिकचा कागद कडेकडेने दाबून चिकटवला, बाकीच्या तिन्हींशी शिक्का जुळणारी काच बसवली. एक दिवस काच खाली करू नका म्हणाला. आई गाडीत बसल्यावर बोलली.

"नारळाचं राहू दे. तुझ्या अण्णांना आवडलंच असतं ते. पण वैजू, तो माणूस रोज सकाळी मला वणक्कम म्हणतो. दसऱ्यापासून मी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. परवा माझी पिशवी उचलायला पुढे आला, तर मी 'हात लावू नको' म्हणाले. त्याला मराठी कळत नाही, पण हे कळलं. हे तू माझ्याकडून करवलंस."

अण्णा, कुजक्या खोबऱ्याने मला मळमळलं नव्हतं इतकं या वाक्याने मळमळलं. मी चोरी केली नाही, कोणाला मारलं नाही. मी फक्त माझी लाज झाकली. आणि झाकता झाकता आईला, जिने तुमच्या गॅरेजातल्या प्रत्येक पोराला पहिली पोळी वाढली, तिला मी एका गरीब माणसाचा पाणउतारा करायला लावला. आणि तिला कळूही दिलं नाही!

तुम्ही काय म्हणाला असतात? मला माहीत आहे. पुसायचं फडकं माझ्याकडे फेकलं असतंत आणि म्हणाला असतात, "पूस आता."

आत्ता साडेचार वाजलेत. मी बाल्कनीत बसून हे लिहितेय. तो तुकडा म्हाताऱ्याने फेकायला घेतला होता, मी मागून घेतला. दोन पिशव्यांत गाठ मारून ठेवलाय, तरी वास येतोच आहे. सेक्रेटरींना पुरावा हवा होता ना? त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. आई मघाशी म्हणाली, "मी पुढे जाते," आणि चप्पल घालून उतरली. मला वाटलं, मीटिंगची जागा धरायला.

खाली बघते तर ती गेटपाशी उभी आहे, सेल्वमच्या समोर. दोन्ही हात जोडलेले. त्याला काय झालंय ते अजून कळलेलं नाही, तो गोंधळून खुर्चीवरून उठतोय. आणि ती पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणतेय, तिला येणाऱ्या चारांतला एक. वणक्कम. वणक्कम.

अण्णा, मी उतरतेच आहे. आजच्या मीटिंगमध्ये पहिलं बोलणं माझं असेल, कोणी विचारायच्या आधी, आणि सेल्वमसमोर. त्याने माफ केलं नाही तर तो त्याचा हक्क. पुढच्या दसऱ्याला, तुमचं वर्ष झाल्यावर, नारळ मीच फोडेन. पाणी शिंपडून, दगडावर, गाडीपासून लांब, आणि आईच्या देखत.

तुमची,
वैजू

ता.क. काच अजून खाली केलेली नाही.