आतल्या खोलीतला ‘हो’

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिमणीस अण्णाचे अ. उ. आ.

अक्षर मोठं आणि ओळी वाकड्या दिसतील. दोष वयाला देऊ नकोस. माझा नवा चष्मा चष्मेवाल्याच्या दुकानात अडकलाय आणि दुकानाला पोलिसांनी सील ठोकलंय. मागच्या आठवड्यात ते आले आणि त्याला घेऊन गेले. तोच, माझ्या खालच्या मजल्यावरचा. गेल्या वर्षी तू आली होतीस तेव्हा त्याने तुझ्या चष्म्याची दांडी बसवून दिली आणि वर म्हणाला, बाई, तुमचे डोळे तुमच्या भावापेक्षा दहा वर्षांनी तरणे आहेत. त्यानंतर तू दोन दिवस जमिनीवर नव्हतीस.

आता निम्मी गल्ली जुन्या चष्म्यांवर चाललीय. समोरच्या न्हाव्याने परवा माझा एक कल्ला राखला आणि दुसरा साफ उडवला. हसू येतं, पण जिना उतरताना चष्मेवाल्याचं दार दिसलं की विरतं. चष्मेवाल्याची बायको रोज चौकीवर जाते. त्याने काय केलंय? ते सांगता येत नाही. खटला कधी? खटला नाहीच. सोडणार कधी? पुढचा हुकूम येईपर्यंत नाही. ती मला म्हणाली, काका, चोराला निदान तारीख मिळते, मी मुलीला काय सांगू? सगळा जन्म पाणीखात्यात काढलेल्या माणसाला यावर काय सुचणार? तिची गळणारी तोटी बसवून दिली आणि वर आलो. वर आल्यावर यमकं जुळवायची जुनी खोड काही जाईना, दोन ओळी जुळल्या:

दाराला कुलूप आहे, कुलपाला किल्ली आहे,
किल्लीच्या धन्यापाशी तारीख मात्र नाही.

हे सगळं एका कायद्याने होतं म्हणे. आरोप न ठेवता माणूस आत ठेवायचा आणि महिन्या-महिन्याने मुदत वाढवत राहायची. किती वेळा, याला धरबंध नाही. गंमत अशी की खुद्द कायद्याला मात्र मुदत आहे. ती मार्चमध्ये संपते आणि तो पुन्हा सभागृहापुढे येणार आहे. तिथे आमच्या गावातर्फे कोण बसतं? तुझा सुपुत्र, माझा भाचा, माननीय ढब्बू! मागच्या वेळी या कायद्यावर त्याने काय मत दिलं, एवढं विचारून कळव. मीही त्याला वेगळं पत्र टाकलंय.

गुडघ्यांना जप. लोभ वाढवायला आता जागा उरलेली नाही, आहे तेवढा राखून ठेव.

तुझा अण्णा


ता. ११ फेब्रुवारी

ती. अण्णास चिमणीचा सा. न. वि. वि.

‘आहे’ला ‘नाही’ हे यमक तुला कोणी शिकवलं? गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. पण ओळी वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीत, हेही खरं.

चष्मेवाल्याचं वाचलं आणि चष्मा काढून हातात घेतला. दांडी अजून घट्ट आहे. त्याच्या बायकोला माझा निरोप सांग. काय सांगशील ते तूच ठरव.

रविवारी जेवताना ढब्बूला विचारलं. तो म्हणाला की आई, ते आवाजी मतदान होतं. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ‘हो’ ओरडतात, विरोधातले ‘नाही’ ओरडतात, ज्यांचा गलका मोठा ते जिंकले. कोण काय म्हणालं ते कुठेच लिहिलेलं नसतं. मी म्हटलं, मग तू काय ओरडलास? तो म्हणाला, मी गप्पच होतो, आणि ताट पुढे केलं. माझा जीव भांड्यात पडला. गप्प होता म्हणजे त्याच्या हातून वाईट तरी झालं नाही.

तूही आता एवढ्यावर थांब. या महिन्यात तुमच्या टाउन हॉलात त्याची सभा आहे. तिथे उभा राहून काही विचारू नकोस, अण्णा. पुढच्या निवडणुकीचं त्याचं तिकीट ठरायचंय आणि पक्षात चार जण टपून बसलेत. परक्याने विचारलं तर ते राजकारण, घरच्याने विचारलं तर तमाशा. त्याला बाप नाही. तुझ्या खांद्यावर बसून, तुझे केस लगामासारखे ओढत तो गावभर फिरला. आता ओढायला केस नसले तरी मामा आहे ना?

उत्तराची वाट बघते. राग आला तर कागदावर काढ, माणसावर नको.

तुझी चिमणी


ता. २२ फेब्रुवारी

चि. चिमणीस अ. उ. आ.

ढब्बूच्या कचेरीतून मला उत्तर आलं. जाड कागद, वर सोनेरी मुद्रा. महोदय, आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. ज्याचं नाक मी माझ्या रुमालाने पुसलं त्याच्याकडून महोदय! ते घरच्या पत्रांच्या डब्यात न ठेवता रद्दीत टाकलं.

आवाजी मतदानाचं वाचून मला आपला कवितेचा तास आठवला. खिडकीतून फळ्यावर पडलेलं ऊन, डोळे मिटून बसलेले गुरुजी आणि साठ पोरांचा एक सूर. मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो आणि तू लबाड, नुसते ओठ हलवायचीस. कोण चुकलं, कोण विसरलं, काही कळायचं नाही. सगळ्यांचा मिळून एकच आवाज छताला जाऊन भिडायचा. अजून ते आठवलं की भरून येतं. म्हणूनच सांगतो चिमणे, कविता अशी म्हणावी, माणूस असा आत टाकू नये.

मी तुझं ऐकणार होतो. सभेला निघताना शर्टाची बटणं लावता लावता ठरवलंही होतं, मागच्या रांगेत बसायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. पण चष्मेवाल्याची बायको मुलीला घेऊन आली आणि नेमकी माझ्या शेजारी बसली. मुलीची वेणी सारखी केली आणि समोर बघत राहिली. तेच जड गेलं. उठलो. विचारलं की मागच्या वेळी आपण काय म्हणालात आणि या वेळी काय म्हणणार? व्यासपीठावरून उत्तर आलं की ज्येष्ठ नागरिकांच्या प्रश्नाचा मला आदर आहे, सुरक्षितता सगळ्यांनाच प्रिय आहे, आणि मागच्या मताची नोंदच नसल्यामुळे त्यावर बोलणं उचित नाही. टाळ्या पडल्या. ज्येष्ठ नागरिक खाली बसले.

जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या मुलीच्या गालाला मात्र हात लावून गेला, ती कोणाची ते न विचारता.

तुझा शब्द मोडला, रागाव. पण मी भाचा घालवून बसलो की काय, या भीतीने इथे आधीच पुरेशी शिक्षा चालू आहे.

तुझाच, तोंड न मिटणारा,
अण्णा


ता. ६ मार्च

ती. अण्णास सा. न.

तुझं पत्र वाचून मी तुझ्याशी जन्मभर अबोला धरायचं ठरवलं. तो गुरुवारपर्यंत टिकला.

गुरुवारी मी सभागृहाच्या प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. शेजारणीच्या ओळखीने पास काढला, ढब्बूला पत्ता लागू दिला नाही. बघितलंस का, माझा मुलगा गप्पच असतो, असं लिहून मला तुझं तोंड बंद करायचं होतं. त्या दिवशी कायदा चर्चेला घ्यायचा का, एवढ्यावरच मत होतं. अध्यक्षांनी विचारलं आणि खालून एकदम ‘हो’चा लोंढा आला.

अण्णा, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवस काढले, नुसत्या खाकरण्यावरून गिऱ्हाईक ओळखायचे. पण इथे त्याची गरजच पडली नाही. स्वतःचं पोर कुठल्या आईला ऐकू येत नाही? आणि कुठला ‘हो’, सांगू? पानं वाढलीत, ये म्हटलं की आतल्या खोलीतून येतो ना, तो. कशाला हो म्हणतोय हे त्यालाच ठाऊक नसतं. हाक थांबावी म्हणून म्हणालेला हो. वरून मला त्याचं डोकं दिसत होतं. खाली मान घालून तो मोबाइल बघत होता.

आधी वाटलं, हा माझ्याशी खोटं बोलला. मग वाटलं, खोटंही नसेल. आपण मागच्या वेळी हो म्हणालो हे त्याला आठवतही नसेल. ते जास्त लागलं. तुझा चष्मेवाला असल्या ‘हो’ने आत बसलाय.

घरी आल्यावर मी ओरडले नाही. तुझा आवाज ऐकला, एवढंच म्हटलं. तो पांढराफटक पडला, मग चिडला. पक्षाचा आदेश असतो, तुला राजकारण कळत नाही, मामाने तुझे कान भरलेत. मी म्हटलं, कान तूच भरलेस, आज दुपारी. मग तुझ्या पत्रातली ती मुलगी कोणाची, तेही सांगितलं. म्हटलं, शेवटचं मत येईल तेव्हा हो म्हण नाही तर नाही म्हण, पण नाव लिहून म्हण. चष्मेवाल्याच्या बायकोला जाब कोणाला विचारायचा ते तरी कळू दे.

तेव्हापासून तो माझ्यासोबत जेवत नाही. ताट खोलीत घेऊन जातो, दार लावतो. अण्णा, मी काय करून बसले?

तुझी चिमणी


ता. १० मार्च

चि. चिमणीस अ. उ. आ.

काही करून बसली नाहीस. मी सभेत ओरडलो त्याने कोणाचा केसही हलला नाही, तू हळू बोललीस आणि दार लागलं. लागलेल्या दारामागे माणूस विचार करत असतो. निदान आपला ढब्बू तरी. लहानपणी रुसला की तो कपाटात जाऊन बसायचा आणि भूक लागली की आपणच बाहेर यायचा. तू कपाट उघडायला गेलीस की आणखी तासभर आत. तेव्हा दार ठोठावू नकोस.

इकडे चष्मेवाल्याची मुदत महिन्याने वाढवली. कागदावर कारण तेच, सांगता येत नाही, शब्द न् शब्द. त्याची बायको कागद घेऊन वर आली आणि मी तो दोनदा मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचला तर काही निघेल, असं आम्हा दोघांनाही उगाच वाटलं.

जेवत जा. आपण दोघं आहोत, हे विसरू नकोस.

अण्णा


ता. २० मार्च

ती. मामांस ढब्बूचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कचेरीत कोणाला लिहायला दिलेलं नाही. अक्षरावरून ते कळलंच असेल.

काल शेवटचं मत झालं. गलका झाला, ‘हो’ जिंकल्याचं अध्यक्षांनी सांगितलं. मी उभा राहिलो आणि नावं लिहून मत घ्या म्हणालो. एकाने जरी मागितलं तरी ते घ्यावं लागतं, असा नियम आहे. पण कोणी मागत नाही, मागणाऱ्याला दोन्ही बाजू शिव्या घालतात. घंटा वाजली. हो म्हणणाऱ्यांनी उजव्या दाराने जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी डाव्या, आणि दोन्हीकडे कारकून नावं लिहायला.

मामा, उभा राहिलो तेव्हा कुठल्या दाराने जायचं ते ठरलं नव्हतं. खरं तर ठरलं होतं. आई म्हणते तेवढं करायचं, नाव लिहू द्यायचं, आणि मत पक्षाला. उजव्या रांगेत उभाही राहिलो. कारकून सगळ्यांना ओळखतो, तरी नियम म्हणून प्रत्येकाला नाव विचारत होता. माझ्या पुढच्या माणसाने स्वतःचं नाव इतकं हळू सांगितलं की कारकुनाने पुन्हा विचारलं. हा माणूस सभेत माइकशिवाय बोलतो! मला तुमच्या शेजारची ती मुलगी आठवली. तिच्यासमोर मला माझं नाव असं सांगावं लागलं असतं. मी रांग सोडली.

डाव्या खोलीत आम्ही मूठभर होतो. चहाच्या टेबलाशी या कायद्याला नावं ठेवणारे बरेचसे घंटा ऐकून बाहेरच थांबले. कायदा पास झाला. चष्मेवाले आतच आहेत. मी कोणाला सोडवलेलं नाही. पक्षाने मला समितीवरून काढलं, तिकिटाचं विचारू नका. आज आईने जेवायला हाक मारली. मी उठून गेलो. ती वाढत राहिली, मला नको म्हणवेना.

रविवारी येतोय. सभेत तुमच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर ते छापील उत्तर तोंडातून निघालं नसतं. दार उघडाल ना?

तुमचा ढब्बू


ता. २५ मार्च

चि. ढब्बूस मामाचे पोटभर आशीर्वाद.

दार उघडीन का, असं विचारतोस? गाढवा, दाराची कडी तू सहा वर्षांचा असताना मोडलीस, ती मी अजून बसवलेली नाही.

वर्तमानपत्रात सगळी नावं छापून आली. न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांत जाड भिंगाच्या माणसाला खुर्चीवर बसवून आम्ही ती मोठ्याने वाचून घेतली. उजवीकडचे, डावीकडचे आणि बाहेर थांबलेले. शाळा सुटल्यापासून एवढं लक्ष देऊन कोणी काही ऐकताना मी पाहिलं नव्हतं. न्हाव्याच्या सासुरवाडीचे प्रतिनिधी बाहेर थांबलेल्यांत निघाले. त्याने साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच ठेवलं आणि त्यांना कार्ड लिहायला बसला. काय लिहिलं ते सांगत नाही, पण महोदय नक्कीच नाही लिहिलं. गल्लीतल्या पावभट्टीवाल्याने आपल्या बहिणीला कळवलं, ती तिच्या गावच्या प्रतिनिधीच्या घरी जाणार आहे. हे सगळं तू उभा राहिलास म्हणून. एवढं सांगून शाबासकीचा विषय संपवतो, कारण खालच्या मजल्यावर अजून दोनच ताटं मांडली जातात.

रविवारी आलास की आधी वर येऊ नकोस. खाली थांब, दार वाजव, नाव सांग. मागच्या वेळी काय म्हणालास ते सांग, या वेळी काय म्हणालास तेही सांग. ती रडणार नाही, आरडाओरडाही करणार नाही. ती तारीख विचारेल. तुझ्याकडे तारीख नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुदत वाढवल्याचा कागद दर महिन्याला येतो. तो आला की दर वेळी सभागृहात उभं राहून कारण विचारीन, असं तुला वाटत असेल तर तिला तसं सांग. वाटत नसेल तर सांगू नकोस. नोंद घेतली, हे शब्द मात्र त्या घरात चुकूनही काढू नकोस. मग वर ये. तुझ्या आईलाही आण, यमकावरून तिच्याशी माझं एक भांडण बाकी आहे.

लोभ आहेच, तो तुला कधी मागावा लागला नाही आणि लागणारही नाही. मत मात्र मागायला यावं लागेल, आणि तेव्हा मी पुन्हा उभा राहून विचारीन.

तुझा मामा