उजवा स्पीकर

डॅरल,

तुझ्या हिशेबाने बाबांच्या स्टिरिओचे दीड हजार डॉलर यायचे होते. अकराशे आले. ते घेऊन मी त्यांच्या कबरीचा दगड कोरणाऱ्याकडे चालले आहे. सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

होबार्टहून आलेल्या गिऱ्हाइकाने स्वतःची रेकॉर्ड आणली होती. ती लावली, वाकून कान दिला आणि म्हणाला, "मावशी, उजवा स्पीकर मुका आहे हो. आत काहीतरी जळलंय. चारशे कमी करा."

जळलं काही नव्हतं. डाव्या-उजव्या आवाजाचं बटण पार डावीकडे फिरवलेलं होतं, एवढंच. मी इस्पितळात रात्रपाळी करायचे तेव्हा उजवा स्पीकर माझ्या उशाकडच्या भिंतीला टेकून होता. मला दिवसा झोप मिळावी म्हणून बाबांनी ते फिरवलं, आणि मी निवृत्त झाल्यावरही तसंच ठेवलं. एकवीस वर्षं त्या माणसाने अर्धंच गाणं ऐकलं.

सांगितलं असतं, तर त्या गिऱ्हाइकाने माझ्यादेखत ते फिरवलं असतं. मी म्हटलं, "बरं, न्या."

तू चिडशील. मासळीवाल्याला दोन डॉलर सोडत नाही मी, हे तूच सगळ्यांना सांगत फिरतोस. घरी गेल्यावर त्या गिऱ्हाइकाला बटणाचं कळेल आणि तो खूश होईल. होऊ दे.

दगडावर आता फक्त नाव आणि सालं येतील. तू निवडलेली खालची ओळ या पैशांत बसत नाही. म्हणजे ते चारशेही शेवटी बाबांनीच भरले.

आई