भागीरथीच्या पानावरचे सनचोक

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
परसातले सनचोक, ते परदेशी कंद, खणले. घमेलंभर निघाले. दिसायला आल्यासारखे. जूनमध्ये ऑनलाइन मागवून लावले तेव्हा अख्खं वैशाखरे गाव हसलं होतं. आता बघू कोण हसतंय. ८ डिसेंबरला बायकोचं, भागीरथीचं वर्षश्राद्ध. पानावर माझ्या हातचे सनचोकच ठेवणार. फायनल.
त्या जागी आधी तिची करांद्याची वेल होती, तोही कंदच, पण गावठी. दवाखान्यात शेवटचं तेवढंच बोलली, वेलीला जपा. वेल पावसात कुजली. पावसापुढे कुणाचं चालतंय?

१३ नोव्हेंबर
उकडून मीठ लावून खाल्ले. गोडसर. एक नंबर. दुपारी स्वयंपाकघरात गुरगुर ऐकू आली. भागीरथी चिडली की अशीच तोंडातल्या तोंडात बोलायची. जाऊन बघितलं. कोणी नाय. मी भूतबित मानत नाय.

१४ नोव्हेंबर
परसात गेलो तर परसातही गुरगुर. म्हणजे मागे मागे येतेय. सुनेला, रेश्माला सांगितलं. मोबाइलवर बघून म्हणाली, बाबा, तुमच्या पोटातनं येतोय आवाज, या कंदाने गॅस होतो. आजकाल सगळ्यांना मोबाइल खरा. ओवा खाल्ला, पण तो आपला सहजच.

२० नोव्हेंबर
वाटण लावून रस्सा केला. रेश्मा एक घास खाऊन माहेरी आटगावला गेली. काम असेल.

१ डिसेंबर
पाच दिवस सनचोक बंद. गुरगुरही बंद. घर एकदम गप्प झालं. भांडी घासताना दोनदा मागे वळून बघितलं.
संध्याकाळी दोन सनचोक खाल्ले. चव बघायला. आवाज आला. बरं वाटलं.

७ डिसेंबर
शेजारच्या रंगूवहिनी करांदे घेऊन आल्या. भागीरथीला आवडायचे, पानावर ठेवा म्हणाल्या. तिची वेल कुठाय, विचारलं. पावसात कुजली, म्हणालो. पावसात करांदा फुटतो, कुजत नाय, म्हणाल्या. मग शेळ्यांनी खाल्ली म्हणालो. करांदे परत दिले. एका पानावर दोन-दोन कंद कशाला?

८ डिसेंबर, दुपारी ४
पान कौलावर ठेवलं. भात, वरण, वडे, खीर, मधोमध सनचोक. चिंचेवर सहा कावळे. एक शिवेना. कावळा शिवल्याशिवाय पंगत बसत नाय, सगळे उपाशी. राहिलेली इच्छा बोलून बघतात तसं एकेकाने बघितलं. रेश्मा म्हणाली, बाबांना सांभाळू. कावळा हलला नाय. मी म्हणालो, सनचोकची लागवड डबल करीन. एक कावळा उडूनच गेला.
अडीच वाजले. रंगूवहिनी माझ्याकडेच बघत होत्या. हात जोडले.
"भागीरथी, तू जपा म्हणालीस. वेल मीच उपटली गो."
कावळा आला. सनचोक चोचीने पानाबाहेर टाकला आणि भात खाल्ला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर होता चुलीचा.

९ डिसेंबर
पाहुणे गेले. रंगूवहिनींनी दोन करांदे ठेवलेत, पावसाआधी लावा म्हणाल्या. लावणार. नक्की.
संध्याकाळी दोन सनचोक खाल्ले. आवाज नाय. रेश्मा म्हणाली, पोटाला सवय झाली असेल.
आणखी चार खाल्ले. तरी नाय.