पाणी पोचलं

९ एप्रिल, बुधवार
सकाळी नात आली. तन्वी. सोबत तिच्या कॉलेजातला रितेश. मला त्यांच्या टीममध्ये घेतलंय. तिसरा मेंबर मी, चौथा नामदेव, माझा धाकटा भाऊ. त्याला अजून सांगितलेलं नाही.
काम असं : बहादरपुरच्या आपल्या केळीबागेत एक काडी मातीत खुपसायची. माती कोरडी झाली की काडीला कळणार, काडी डब्यातल्या यंत्राला सांगणार, यंत्र ठिबकची मोटर चालू करणार आणि आम्हा चौघांच्या फोनवर निरोप धाडणार. माती ओली असली तर मोटर बंद. वस्तू एकमेकींशी बोलतात म्हणे. मी म्हटलं, यात नवीन काय, चेतनगुणोक्ती अलंकार, पाचवीला शिकवायचो. ढग डोंगराशी बोलतो. त. म्हणाली, "आजोबा, त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं."
मग कशावर बोलायचे ते? विचारायचं राहिलं.

११ एप्रिल, शुक्र.
रितेशने माझी मुलाखत घेतली. वही, पेन, सगळं. "दादाजी, आपकी सबसे बड़ी दिक्कत क्या है?" म्हटलं, शेवटच्या ओळीला यमक सापडत नाही. त्याने लिहून घेतलं. त. ने खोडलं.
त्यांच्या मॅडमची पद्धत अशी की आधी माणसाला विचारा, मग बनवा, बिघडलं की पुन्हा माणसाकडे जा. मी उभा जन्म आधी सांगितलं, मग विचारलं. राजपुऱ्याच्या शाळेत चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, खिडकीबाहेर टांगा थांबायचा. त्या पोरांना तुमची अडचण काय असं कधी विचारलं असतं तर

१४ एप्रिल, सोम.
बहादरपुर. ऊन फार. यंत्र ठेवायला मी घरून पितळी कडीचा स्टीलचा डबा नेला, चांगला घट्ट. बसवलं तर निरोप बाहेरच पडेना, धातू लहरी अडवतो म्हणे. रितेश हसून हसून बांधावर बसला, "दादाजी ने तो उसको जेल में डाल दिया." शेवटी नामदेवच्या सुनेने श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा दिला. आता बोलतंय.
काडी कुठे लावायची? एकच आहे, दुसरी बिघडली. मी बांधाजवळचं पहिल्या ओळीचं पहिलं झाड दाखवलं. का म्हणून विचारलं तर म्हटलं, सोयीचं आहे.
ती कमलची जागा. लग्न होऊन आली तेव्हापासून दर गुरुवारी ती तिथेच केळीला हळदीचं पाणी घालायची, गूळ-डाळ ठेवायची. झाड तेव्हाचं नाही, त्याच्या मुळाशी फुटलेल्या पिलाचं पील असेल. ती गेल्यापासून गुरुवारी मी जातो. हे पोरांना कशाला सांगायचं. मुलाखतीत तसा प्रश्नही नव्हता.

१६ एप्रिल, बुध.
टीममध्ये माझ्याकडे निरोपाची भाषा. मी लिहिलं : 'तृषा भूमीची शांत जाहली, जलधारा पावल्या मुळांशी'. त. म्हणाली, नामूआबा गाडीवर असतात, एका नजरेत वाचता आलं पाहिजे. कापत कापत दोन शब्द उरले. 'पाणी पोचलं.' कोरडं असेल तर 'माती सुकली.' एवढ्याला दोन दिवस लागले. पण बरे आहेत. जास्तीचं काही नाही त्यात.

१७ एप्रिल, गुरु.
लोटा ओतला. हात जोडले. तेवढ्यात खिशात फोन थरथरला.
पाणी पोचलं.
चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. शब्द माझेच आहेत, कुठून आले तेही ठाऊक आहे. तरी बराच वेळ तिथेच उभा होतो. परतीची बस चुकली.

२० एप्रिल, रवि.
नामदेवचा फोन. "दादा, तुमचं ते डबडं येडं झालं का? शुक्कर-शनवार मोटर लागलीच नाही. पानं लटकून राह्यले." त. म्हणते कोड तपासते.

२४ एप्रिल, गुरु.
गेलो. ओतलं. आलं. आज उत्तरही टाइप केलं : बरं.
संध्याकाळी रितेशचा फोन, "मशीन को 'बरं' कौन भेज रहा है?" मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं.

२६ एप्रिल, शनि.
काल-आज पुन्हा मोटर नाही. सगळे बागेत जमलो. त. ने कागदावर रेघ दाखवली. आठवडाभर सरळ, गुरुवारी एकदम डोंगर, मग दोन दिवस उतार. डोंगर आहे तोवर मोटर गप्प. काडीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, ओल लवकर उडत नाही म्हणे. पण ओल येते कुठून? रितेश म्हणतो गळका पाइप. त. म्हणते शेजारचा पाट. "लेकिन गुरुवार को ही क्यों?" मीही त्यांच्यासोबत डोकं खाजवत बसलो. खरंच सुचलं नाही. का सुचलं, आणि मीच परत पाठवलं? आता सांगता येत नाही.
नामदेव चिडला आहे. "घड भरायचे दिवस आहेत दादा. येत्या शनवारपर्यंत पाहातो, नाहीतर उपटून डब्यासकट तुमच्या हातात देतो." यंत्र निघालं तर कॉलेजात दाखवायला काही नाही. त. चं वर्षाचं प्रोजेक्ट तेच. ती नुसता कागद घडी करत राहिली, छोटा छोटा.

२८ एप्रिल, सोम.
यंत्र खोटं बोललेलं नाही. त्याला जेवढी माती दिली, तेवढ्याच मातीचं सांगितलं. एका लोट्याला ते साऱ्या बागेचं पाणी समजलं.
मीसुद्धा.
सांगायला हवं. त. आली होती, चहा घेऊन गेली. सांगितलं नाही. सांगितलं तर काडी तिथून हलणार, आणि गुरुवारी

२९ एप्रिल, मंगळ.
सांगितलं. नामदेवच्या ओट्यावर, चौघांत. मग नामदेव, "म्हणजे दादा, तुमी एका झाडाले पाजलं अन् सारी बाग उपाशी ठेवली?" मी मान हलवली. "वहिनी असती ना, तर तुमालेच फैलावर घेतलं असतं." मग तोच हसायला लागला, आणि डोळे पुसत मोटर चालू करायला गेला.
रितेश कपाळाला हात लावून, "दादाजी, ये तो इंटरव्यू में बताना था!" म्हटलं, तू यमकाचं लिहून घेतलंस, हे विचारलंच नाहीस.
त. हसली नाही. काडी उपटून मधल्या ओळीत लावली, चार झाडं बदलून बदलून पाहिली. येताना बसमध्ये हळूच विचारलं, "आजोबा, 'बरं' तुम्हीच पाठवलं होतं ना?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
नामदेव अजून हो म्हणालेला नाही. म्हणतो, हा गुरुवार जाऊ दे, शुक्रवारची मोटर पाहून सांगतो.

३० एप्रिल, बुध.
दुपारी त. एकटीच आली. बिघडलेली दुसरी काडी रितेशने दुरुस्त केली आहे. "ही आजीच्या झाडाला लावू या? मोटरशी जोडणार नाही. फक्त मेसेज येईल, फक्त तुम्हाला."
म्हटलं, अगं पण त्याचा उपयोग काय? तुमच्या मॅडम विचारतील.
"विचारतील. ते तुम्ही सांगा. यूजर तुम्ही आहात."
काय सांगू? ओतणारा मी, शब्द माझे, वाचणाराही मीच. यात पोचलं ते कुणाला? उलटसुलट करून पाहिलं, जुळत नाही. आणि तरी तिला नको म्हणवलं नाही. हो पण म्हटलं नाही.
काडी ठेवून गेली. ती मी उद्याच्या ताटात ठेवली आहे, हळदीच्या वाटीशेजारी. गूळ आहे. डाळ भिजत घातली. लोटा घासून झाला.
फोन न्यावा की घरीच ठेवावा