रविवारी तांड्यावर

अमरावती, २९ सप्टेंबर २०२५

चि. विकास, अ.आ.

चूप! मधात बोलू नोको. फोनवर तू आयकत नाईस, अन् तुमचे फोन तं बैठकीत जमा करून घेते म्हणे. काहून? म्हणून पत्र.

गावरक्षक मंडळाचा शर्ट घातलेला तुहा फोटो पाह्यला. एमएले मले इटलीचा पेपर हाय, अन् वाचता वाचता आपलं गाव दिसते. पहिलं महायुद्ध इटली जिंकली, पण सैनिक घरी आले तं काम नाई. महागाई भडकलेली. कामगारायनं कारखाने ताब्यात घेतले, शेतमजुरायनं संप केले. जमीनदार घाबरले. मंग त्यायनं हेच रिकामे पोट्टे धरले. काळे शर्ट, काठ्या, ट्रक. पोट्ट्यायनं मजुरायची ऑफिसं जाळली, पुढाऱ्यायच्या नरड्यात एरंडेल ओतलं. पोलीस पाहत राह्यले. शहाणे मंत्री म्हणे, मुसोलिनी आपल्या मुठीत राहीन. १९२२ मधी राजानं त्यालेच पंतप्रधान केलं. तीन-चार वर्षांत त्या मंत्र्यायलेच बोलाची सोय राह्यली नाई.

सांग, तुह्या शर्टाचं कापड कोनं देल्लं?

भांडली तरी माया हाय, तुहीही राहू दे.
मंजुताई

मानोरा तालुका, ५ ऑक्टोबर

ताई, सा.न.

तुह्या इटलीचं आमाले काय करा लागते? इथं सोयाबीन वावरात तडकून राह्यलं अन् तांड्यातली मजुरायची एकही टोळी सोंगणीले यायले तयार नाई. मजुरी वाढवा म्हणते. पोलीसभरतीत दोनदा पडलो तवा मले कुत्रं इचारत नव्हतं. आता चौकात विकासभाऊ म्हणते. शर्ट जगदेवभाऊनं देल्ला. सव्वाशे एकरवाला माणूस, देईन नाई तं काय!

पुढच्या रविवारी, बारा तारखेले सकाळी, दोन ट्रॅक्टर घेऊन तांड्यावर जाऊन राह्यलो. फक्त समजवाले. काठ्या दिसापुरत्या. माहं अक्षर चांगलं म्हणून टोळ्यायची यादी मीच लिहून देल्ली. मले वाटलं कामाची हजेरी लावाची हाय. काल पाह्यली तं सोमलाकाकाच्या नावावर लाल फुली. कोनं मारली, कोनी सांगत नाई.

तुह्यं पाकीट उघडून चिकटवलेलं होतं. पुढचं टपालानं नोको टाकू.

लहान्यावर राग धरू नोको.
विकास

मानोरा बसस्टँड, ११ ऑक्टोबर

विकास, अ.आ.

हे आपल्या गावाकडं निघालेल्या गोजराबाई मावशीच्या हाती देऊन राह्यली. तिनं उघडलं तरी चालते, तिले वाचता येत नाई.

समजवाले जाते त्याले काठ्या कायले लागते बे? अन् सोमलाकाका कोण, इसरला? बाबा दवाखान्यात होते तवा त्याच मुकादमानं आपली टोळी लावून आपलं वावर दोन दिवसांत सोंगून देल्लं. त्याचं घर मंडळाले कोनं दाखवलं? तुह्याच चांगल्या अक्षरानं.

खरं सांगू? आता तुह्यावरही भरोसा नाई राह्यला. हे पत्र तू जगदेवभाऊले नेऊन देशीन का, हे डोक्यातून जात नाई. द्यायचं तं दे. इटलीतही कोणाचा तरी भाऊ ट्रकवर चढला असनच, अन् घरचे म्हणले असतीन, आपला तसा नाई.

उद्या ट्रॅक्टर येतीन तवा मी काकाच्या दारात बसली राहीन. पहिली काठी तुहीच राहीन का दुसऱ्याची, ते आज मले माईत नाई. तुले तं माईत असनच.

लोभ राह्यला तं राह्यला.

उत्तर लिहू नोको. फोन बंद केला. तांड्याची जीप भरली, डायवर बोंबलून राह्यला. निघाली मी.